सीलचे डोळे आणि सीलचे कातडे



मागच्या वर्षी धाकट्या लेकीकडे स्कॉटलंडला, ॲबर्डीनला चार महिने राहून आले. तिथल्या थंडीचे आणि कांदा-लसूण नसलेल्या जेवणाच्या शोधाचे किस्से मी आधी लिहिलेच आहेत. आज एका वेगळ्याच प्राण्याबद्दल लिहायचे आहे. त्याच्याबद्दल वाचता वाचता मी कुठल्या कुठे जाऊन पोहोचले आणि शेवटी माझ्याच कपाटापाशी येऊन थांबले.

ॲबर्डीनच्या उत्तरेला गाडीने अर्ध्या तासावर न्यूबरा नावाचे गाव आहे. तिथे आयथन नदी समुद्राला मिळते. लेकीने एका रविवारी तिथे नेले. अलीकडच्या वाळूवर आम्ही उभे आणि पलीकडच्या तीरावर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती टाकलेली असावीत तसे, काहीतरी राखाडी, काळपट, ठिपकेदार पसरलेले. मला आधी खडकच वाटले. मग एका पोत्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि जांभई दिली! शेकडो सील होते. एक-दोन पाण्यात पोहत अगदी आमच्यासमोर आले आणि पाण्याबाहेर नुसते डोके काढून आमच्याकडे बघत राहिले. मोठे, काळे, ओले डोळे. शेजारच्या बंगल्याच्या कुंपणावरून कोणी पोर डोकावून बघावे तसे. नात म्हणाली, "आजी, तो रडतोय का गं?"

त्या प्रश्नावरूनच माझे वाचन सुरू झाले.

पहिली अडचण नावाची. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, माझ्यासाठी 'सील' म्हणजे लाखेची मोहोर. आपल्या भारताच्या किनाऱ्यावर हा प्राणी राहतच नाही, त्यामुळे आपल्या भाषेत त्याला घरचे नाव पडले नाही. शाळेच्या पुस्तकात 'सील मासा' असे वाचल्याचे आठवते, पण तो मासा अजिबात नाही. फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. आपल्या शास्त्राच्या भाषेत पंचेंद्रिय तिर्यंच, जलचर. त्यातही दोन घराणी आहेत. एकाला बाहेर कान नाहीत आणि जमिनीवर ते पोटाने सरपटते. न्यूबराचे राखाडी सील त्यातले. दुसऱ्याला बारीक कान आहेत आणि चारही वल्ह्यांवर ते चालू शकते. फर सील आणि समुद्रसिंह त्यातले. पुढे दोघांचेही काम पडणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

आता रडण्याचे. आपल्या डोळ्यांतले जास्तीचे पाणी एका बारीक नळीने नाकात उतरते, म्हणून तर रडताना नाक वाहते. सीलला ती नळीच नाही. त्याचे अश्रू सरळ गालावर ओघळतात. खाऱ्या पाण्यापासून डोळे जपण्यासाठी ते सतत येत असतात. पाण्यात दिसत नाहीत, वाळूवर आला की गाल ओले दिसतात. डोळे मोठे कारण खोल पाण्यात उजेड कमी. म्हणजे जे पाहून आपल्या पोटात कालवते ते त्याचे दुःख नाही, त्याची शरीररचना आहे. कॉनराड लॉरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडले होते की गोल डोके, मोठे डोळे, फुगरे गाल असे काही दिसले की माणसाला तान्हे बाळच आठवते आणि माया उत्पन्न होते. सीलचे पिल्लू तर या मोजमापावर शंभर टक्के उतरते. हे वाचल्यावर मला जरा फसवल्यासारखे झाले, खरे सांगते. माझी करुणा डोळ्यांच्या आकारावर ठरते म्हणायची!

पण राखाडी सीलच्या आईबद्दल वाचले तेव्हा मात्र फसवल्यासारखे वाटले नाही. ती पिल्लाला जेमतेम अठरा-वीस दिवस पाजते. दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो, आपल्या घट्ट सायीपेक्षाही दाट. पिल्लू जन्मते साधारण चौदा किलोचे आणि तीन आठवड्यांत तिप्पट होते. एवढे दिवस आई स्वतः काही खात नाही. पिल्लू फुगत जाते आणि आई बारीक होत जाते. पर्वात कोणी आठ-दहा उपवास केले तर आपण तिचे पारणे किती थाटात करतो! हिचे पारणे म्हणजे एक दिवस पिल्लाला तिथेच सोडून समुद्रात निघून जाणे. आता हा काही व्रताचा उपवास नव्हे, आणि सील शाकाहारीही नाही, भरपूर मासे खातो. उगाच त्याला साधू करायला नको. पण आईपण ओळखायला मला शास्त्र लागले नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे आहेत. तिथे सीलला 'सेल्की' म्हणतात. तिथल्या जुन्या लोकांची समजूत अशी की काही सील किनाऱ्यावर येऊन आपले कातडे उतरवतात आणि माणसे होतात. ऑर्कनीच्या सँडे बेटावरच्या वॉल्टर ट्रेल डेनिसन यांनी एकोणिसाव्या शतकात या कथा लोकांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवल्या. त्यातली वेस्टनेसच्या गृहस्थाची कथा मी नातीला सांगितली, तुम्हालाही थोडक्यात सांगते.

हा गृहस्थ खाऊनपिऊन सुखी, पण लग्नाच्या भानगडीत पडायचे नाही असे ठरवलेला. एकदा ओहोटीच्या वेळी त्याला खडकावर सेल्की लोक ऊन खाताना दिसले. बाजूला त्यांची कातडी पडलेली. तो धावला तसे सगळ्यांनी कातडी उचलून पाण्यात उड्या टाकल्या, पण एका मुलीचे कातडे याच्या हाती लागले. ती रडत त्याच्या मागे मागे आली, परत मागू लागली. त्याने दिले नाही. कातड्याशिवाय समुद्रात जाता येईना, म्हणून ती त्याच्याशी लग्न करून राहिली. सात मुले झाली. नीट संसार केला, हसतमुख राहिली म्हणतात, पण समुद्राकडे बघायची ती बघायचीच. नवरा बाहेर गेला की घर धुंडाळायची. एक दिवस सगळे बाहेर गेलेले, पायाला लागले म्हणून धाकटी मुलगी तेवढी घरी. "आई, काय शोधतेस?" आई म्हणाली, तुझ्या पायाला जोडा करायला एक छानसे कातडे शोधते आहे. पोर म्हणाली, मला माहीत आहे कुठे आहे ते. एकदा तू बाहेर गेली असताना, मी झोपले आहे असे समजून बाबा ते वळचणीतून काढून बघत होते. आईने ते काढले, पोरीचा निरोप घेतला आणि किनाऱ्याकडे पळाली. नवरा होडीतून परत येत होता, त्याच्या डोळ्यांदेखत ती पाण्यात गेली.

नातीने विचारले, "मग ती मुलीला का नाही घेऊन गेली?" मला उत्तर सुचले नाही. आमच्या पिढीतल्या किती जणींची शाळेची प्रमाणपत्रे सासूबाईंच्या ट्रंकेत गेली आणि परत निघालीच नाहीत. माझे बी.कॉम.चे प्रमाणपत्र बावीस वर्षे दिवाणखालच्या पेटीत होते. ते कोणी लपवले नव्हते, मीच ठेवले होते, पण वळचण ती वळचणच. असो.

त्याहून उत्तरेला फॅरो बेटे आहेत. तिथल्या काल्सॉय बेटावर मिक्लादालूर नावाचे खेडे आहे. तिथली कथा अशीच सुरू होते आणि फार वाईट संपते. बायको परत गेल्यावर गावकरी सीलच्या शिकारीला निघतात. ती नवऱ्याच्या स्वप्नात येऊन सांगते की गुहेच्या तोंडाशी असलेला मोठा सील माझा जोडीदार आहे, आतली दोन पिल्ले माझी आहेत, त्यांना हात लावू नका. तो ऐकत नाही. रात्री मांस शिजते तेव्हा ती दारात येते आणि शाप देते, की या गावचे पुरुष बुडतील, कड्यांवरून पडतील, इतके मरतील की त्यांनी हातात हात धरले तर सगळ्या बेटाला वेढा पडेल. २०१४ साली त्या गावच्या किनाऱ्यावर, लाटांच्या माऱ्यात, तिचा पुतळा उभारला आहे. हातात आपले कातडे धरून उभी आहे. समुद्रावर पोट असणाऱ्या आणि सील मारूनच जगणाऱ्या लोकांनी ही कथा पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच मुलांना सांगितली. मारणाऱ्याच्या मनातही काहीतरी टोचत असणार, नाहीतर असली कथा कोण सांगेल?

इथपर्यंत कथा झाली. आता हिशेबाकडे येते. हा भाग माझ्या आवडीचा, आणि सगळ्यात कठीणही.

अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ नावाची लहानशी बेटे आहेत. सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज ही त्यातली मुख्य. गाव्रील प्रिबिलोफ या रशियन नाविकाला १७८६ मध्ये ती सापडली. दर उन्हाळ्यात उत्तर पॅसिफिकमधले फर सील तिथे लाखोंनी पिल्ले घालायला येत. या सीलच्या वरच्या राठ केसांखाली अतिशय दाट, मऊ लव असते आणि तिलाच किंमत होती. रशियनांनी अल्यूट लोकांना, ज्यांचे स्वतःचे नाव उनांगन आहे, इतर बेटांवरून आणून तिथे वसवले आणि कामाला जुंपले.

१८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अख्खे अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेतले. लोक हसले, बर्फ विकत घेतला म्हणून. पण सरकारने १८७० मध्ये या दोन बेटांचा मक्ता अलास्का कमर्शियल कंपनीला वीस वर्षांसाठी दिला. वर्षाला एक लाख कातड्यांपर्यंत परवानगी, वर भाडे आणि दर कातड्यामागे कर. त्या वीस वर्षांत अलास्काच्या किमतीचा फार मोठा भाग निव्वळ सीलच्या कातड्यांतून वसूल झाला. जमेची बाजू इतकी भक्कम क्वचितच पाहायला मिळते. खर्चाच्या बाजूला काय लिहायचे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

कातडी मिठात घालून जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला आणि तिथून लंडनला जात. आपल्याकडे हळदीचे सौदे सांगलीत होतात, तसे जगातल्या सील-कातड्यांचे सौदे लंडनला होत. वरचे राठ केस उपटून, आतली लव गडद तपकिरी रंगवून त्यांचे कोट होत आणि लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या बायका ते घालून मिरवत. सीलस्किनचा कोट असणे म्हणजे नवऱ्याचे बरे चालले आहे असा अर्थ. आपल्याकडे पाटल्या-बिलवर, तसे.

कंपनी बेटावर मारायची ती बहुतेक तरुण, बिनजोडीचे नर. त्यांना किनाऱ्यापासून हाकत आत नेत आणि सोट्याने मारत. रुडयार्ड किपलिंग, ज्याचा जन्म १८६५ मध्ये आपल्या मुंबईतला, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला, त्याच्या 'जंगल बुक'मध्ये आपल्याला फक्त मोगली माहीत असतो. त्याच पुस्तकात पांढऱ्या सीलची एक कथा आहे. ती याच सेंट पॉल बेटावर घडते. कोटिक नावाचे सीलचे पोर ही हाकणी आणि मारणी बघते आणि जिथे माणूस पोहोचत नाही असा किनारा शोधत वर्षानुवर्षे समुद्र पालथा घालते. पुस्तक आले १८९४ मध्ये, म्हणजे ही गोष्ट तेव्हा रोजच्या वर्तमानपत्रातली होती.

कारण तोवर दुसराच प्रकार सुरू झाला होता. बेटावर मक्ता कंपनीचा, पण खुला समुद्र कोणाचाच नाही. कॅनडातून, अमेरिकेतून आणि पुढे जपानमधून शिडाची जहाजे येऊन बेटाबाहेर पाण्यातच सीलना गोळ्या घालू लागली. पाण्यात नर कोणता, मादी कोणती हे कळत नाही. मारल्या जायच्या त्या बहुतेक माद्या. गोळी लागलेले कितीतरी सील हाती लागण्याआधीच बुडायचे, ते कुठल्याच वहीत नाहीत.

आणि त्या माद्या समुद्रात कशासाठी आलेल्या असायच्या? फर सीलची आई राखाडी सीलसारखी उपाशी बसत नाही. ती पिल्लाला बेटावर ठेवून काही दिवस मासे खायला लांब जाते, परत येते, पाजते, पुन्हा जाते. हजारो पिल्लांच्या कल्लोळात ती हाक देते आणि तिचेच पिल्लू ओ देते. स्टीफन इन्स्ली नावाच्या संशोधकाने सेंट पॉलवर या आवाजांचे ध्वनिमुद्रण केले आणि २००० साली प्रसिद्ध केले. चार वर्षांनी ऐकवले तरी मोठी झालेली लेक आईचा आवाज ओळखते आणि आईही लेकीचा. तेव्हा समुद्रात एक मादी मारली की बेटावर एक पिल्लू हाक मारत मारत उपाशी मरायचे. एका कातड्यामागे दोन जीव, आणि बऱ्याचदा पोटातला तिसरा, कारण पिल्लू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा गाभण राहते.

हेन्री एलियट नावाचा माणूस १८७२ मध्ये अमेरिकी सरकारतर्फे बेटांवर गेला होता. चित्रकार होता, त्याने जलरंगात सगळे चितारून ठेवले आहे. त्याने सीलची संख्या तीस लाखांच्या वर धरली होती. नंतरच्या अभ्यासकांना ती फुगलेली वाटते, पण किनारे भरून वाहत होते यात शंका नाही. १८९० मध्ये तो परत गेला तेव्हा किनारे ओस पडले होते. त्यानंतर वीस वर्षे हा माणूस सरकार, कंपनी, संसद यांच्याशी भांडत राहिला. स्वभावाने तिरसट होता म्हणतात. असल्या कामाला गोड स्वभावाचा माणूस पुरतही नसावा.

अमेरिकेने कॅनडाची जहाजे पकडली, ब्रिटन चिडले, १८९३ मध्ये पॅरिसला लवाद बसला. निकाल अमेरिकेच्या विरुद्ध गेला: समुद्र तुमच्या मालकीचा नाही. बेटांभोवती साठ मैल शिकार बंद ठेवली, पण जपानवर ते बंधन नव्हते. मग ७ जुलै १९११ रोजी अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन अशा चौघांनी वॉशिंग्टनला करार केला. वन्य प्राण्यांसाठी देशादेशांत झालेल्या पहिल्या करारांत त्याची गणना होते.

त्यातली युक्ती मला फार आवडली. समुद्रातली शिकार चौघांनीही बंद करायची. बेटे ज्यांची, म्हणजे अमेरिका आणि रशिया, त्यांनी जमिनीवर मोजून जी कातडी काढायची त्यातली पंधरा टक्के कॅनडाला आणि पंधरा टक्के जपानला द्यायची. म्हणजे शिकार न करण्याचा मोबदला! जहाज नाही, खलाशी नाही, गोळ्यांचा खर्च नाही, घरबसल्या हिस्सा. भावाभावांच्या वाटणीत जसे एखादा शहाणा काका मार्ग काढतो तसे झाले. लगेच १९१२ मध्ये अमेरिकेने बेटावरची व्यापारी शिकारही पाच वर्षे थांबवली. काही लाखांवर आलेले सील तीसेक वर्षांत दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेले.

आता आपल्यासारखीला यात आनंद मानावा की नाही? सील वाचले ते पुढे मारता यावेत म्हणून. दया हा शब्द त्या करारात नसणार. आपल्या हिशेबात याला अहिंसा म्हणता येणार नाही. पण लाखो आया समुद्रातून परत पिल्लापाशी पोहोचल्या हेही खरेच. मी बराच विचार केला आणि ते जमेलाच धरले.

अल्यूट लोकांचे मात्र त्यात कोणी पाहिले नाही. ते बेटावर सरकारच्या ताब्यातले मजूर म्हणूनच राहिले. १९४२ मध्ये जपानशी युद्ध सुरू असताना त्यांना बोटीत घालून अलास्काच्या आग्नेय भागात फंटर बे इथल्या एका बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात आणि जुन्या खाणीच्या छावणीत नेऊन ठेवले. घाण पाणी, रोगराई. म्हातारी माणसे आणि लहान मुले गेली. १९४३ च्या उन्हाळ्यात पुरुषांना तेवढे परत नेले, कशासाठी, तर सील मारायला. अमेरिकेने याबद्दल कायदा करून माफी मागितली ती १९८८ मध्ये. सेंट पॉलवरची व्यापारी शिकार १९८४ मध्ये संपली.

दुसरी गोष्ट पॅसिफिकची नाही, अटलांटिकची. ती तुमच्यापैकी काहींना चित्रांतून माहीत असेल. न्यूफाउंडलंडच्या बर्फावर हार्प सीलची पांढरीशुभ्र पिल्ले जन्मतात. पांढरी लव जेमतेम दोन आठवडे टिकते, आणि तीच हवी असायची. बर्फावर जाऊन मारणारे लोक अतिशय गरीब कोळी होते. १९१४ मध्ये 'न्यूफाउंडलंड' नावाच्याच जहाजाची माणसे वादळात दोन रात्री बर्फावर अडकली आणि ७८ जण गेले. त्याच वादळात 'सदर्न क्रॉस' हे जहाज १७३ माणसांसह नाहीसे झाले. मालकांनी पैसे वाचवायला 'न्यूफाउंडलंड'वरचे बिनतारी यंत्र काढून नेले होते. मारणारा कोण आणि मारवणारा कोण, हे अशा वेळी दिसते.

१९६० च्या दशकात या शिकारीची चित्रफीत लोकांनी पाहिली आणि गहजब झाला. १९७७ मध्ये फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो बर्फावर गेली, पिल्लाबरोबरचे तिचे छायाचित्र जगभर छापून आले. १९८३ मध्ये युरोपने पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली, १९८७ मध्ये कॅनडाने पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार बंद केली. हे वाचताना मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

मग पुढचे वाचले. उत्तर ध्रुवाजवळ इन्यूइट लोक राहतात. तिथे झाड नाही, शेत नाही. त्यांच्या सागरदेवतेचे नाव सेडना. बापाने तिची बोटे तोडली आणि त्या बोटांचे सील झाले, अशी कथा. सील मारल्यावर त्याच्या तोंडात गोडे पाणी घालायची त्यांची रीत होती, कारण तो जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून तहानलेला. हे लोक ती पांढरी पिल्ले मारतच नव्हते. ते दुसऱ्या जातीचे मोठे सील खाण्यासाठी मारत आणि उरलेली कातडी विकून बंदुकीच्या गोळ्या, इंधन घेत. १९८३ च्या कायद्यात त्यांना सूट होती. पण गिऱ्हाइकाला सील म्हटले की ते पांढरे पिल्लूच आठवू लागले आणि बाजारच बसला. गावेच्या गावे सरकारी मदतीवर आली. अलेथिया अर्नाकक-बारिल या इन्यूइट बाईने २०१६ मध्ये 'अँग्री इनुक' नावाचा माहितीपट केला. तिचे म्हणणे असे की आमचा प्राणी डोळ्यांत पाणी आणून बघतो म्हणून तुमचा निधी गोळा होतो. आम्हाला तसे बघता येत नाही.

मला ती शिकार पटत नाही आणि पटणारही नाही. जीव तो जीव. पण माझ्या घरापासून भाजी मंडई पाच मिनिटांवर आहे, गव्हाचे पोते दारात येते आणि दळण मुलगा पोहोचवून जातो. मी त्या बाईला काय सांगणार? पॅरिसच्या बाईला मात्र सांगू शकते, कारण ती आणि मी एकाच माळेच्या.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना म्हणतात. स्वतः केलेले, करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेले. पाठशाळेत हे पाठ करून घेतले तेव्हा मला वाटायचे तिसरे म्हणजे अगदीच किरकोळ. सीलस्किनचा कोट घातलेल्या बाईने एकही सील पाहिलेला नव्हता. तिचा भाग तो तिसराच होता. तिने फक्त "किती मऊ आहे!" म्हटले, आणि बेरिंग समुद्रात जहाजे निघाली.

तर माझे कपाट. त्यात दोन रेशमी शालू आहेत. एक माझ्या लग्नातला, एक थोरलीच्या लग्नात घेतलेला, आणि सासूबाईंची मोत्यांची नथ. एका शालूला किती हजार कोश उकळत्या पाण्यात जातात हे मला माहीत होते, आपल्यापैकी सगळ्यांनाच माहीत असते. मंदिरात मी रेशीम नेसत नाही, माताजींनी प्रवचनात सांगितल्यापासून. लग्नात नेसते. रेशमाच्या किड्याला मोठे डोळे नाहीत, तो रडल्यासारखाही दिसत नाही. घरी आल्यावर शालू काढून पलंगावर पसरले. आईच्या हाताची घडी अजून त्यावर आहे. टाकवले नाहीत, कोणाला देववलेही नाहीत. जानेवारीत पुतण्याचे लग्न झाले, त्यात सुती इरकल नेसले आणि जावेने "बरं नाही का?" विचारले. एवढेच झाले आहे आतापर्यंत.

न्यूबराच्या सीलचे सांगायचे राहिले. राखाडी सीलही ब्रिटनमध्ये फार कमी झाले होते. १९१४ मध्ये तिथल्या संसदेने खास त्यांच्यासाठी कायदा केला आणि पिल्लांच्या मोसमात शिकार बंद ठेवली. आज जगातल्या राखाडी सीलपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ब्रिटनच्या किनाऱ्यांवर आहेत. कोळी लोक कुरकुरतात, आमचे मासे खातात म्हणून. त्यांचेही खोटे नाही. आयथनच्या मुखाशी वाळूवर बसलेल्या सीलना त्रास देणे २०१७ पासून गुन्हा आहे.

तुमच्यापैकी कोणाची मुले तिकडे असतील तर जरूर जाऊन या. गाडी न्यूबरा गावाकडच्या वाळूच्या टेकड्यांपाशी लावायची आणि अलीकडच्याच तीरावर थांबायचे, पलीकडे जायचे नाही. लहान मुलांना ओरडू देऊ नका. सगळा कळप एकदम दचकून पाण्यात पळाला तर पिल्ले चेंगरतात. वारा फार असतो, कानटोपी न्या. दुपारचे खाणे सूर्य मावळण्याआधी गाडीतच उरकून घ्या, हिवाळ्यात तिथे साडेतीनलाच अंधारून येते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. खात असताना एक सील बराच वेळ समोर डोके काढून बसला होता. नात म्हणाली, याला देऊ का? मी म्हटले, नको, तो आपले आणील.

जय जिनेंद्र.